सळईचा मुलूख, भिंगातून

जालना एमआयडीसीत सळयांनी भरलेले ट्रक पाहून कुणी मान वळवत नाही. पण त्याच सळईच्या चार इंचांवर भिंग धरा. तिरप्या ओळीत उभ्या राहिलेल्या कडा दिसतील. काँक्रीटने सळईला घट्ट धरावं म्हणून त्या असतात, छायाचित्राच्या चौकटीत मात्र त्या नांगरलेल्या शिवारासारख्या दिसतात.

लेथवर निघालेली पोलादाची वेटोळी तर याहून देखणी. तापलेल्या पोलादावर ऑक्साईडचा अतिशय पातळ थर चढतो आणि त्याच्या जाडीनुसार रंग पालटतो: सुमारे २२० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा, ३००च्या आसपास निळा. हे रंग कुणी फासलेले नसतात!

साध्या वस्तू अशा जवळून टिपणं नवं नाही. कार्ल ब्लॉसफेल्ट या जर्मन कलाशिक्षकाने रानटी रोपांच्या देठा-कोंबांची मोठी केलेली छायाचित्रं १९२८ साली पुस्तकरूपात आणली. त्यांत लोखंडी जाळीकाम पाहिल्याचा भास होतो. १९३० साली अमेरिकेच्या एडवर्ड वेस्टनने साधी ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून टिपली. अशा छायाचित्रांना महागडी सामग्री लागते, हे मला तरी पटत नाही.

जालना बियाण्यांचंही गाव. सरकीवरचा कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे एकच लांबलेली पेशी. तीही भिंगाखाली धरून बघा.

मोबाइलला छोटं मॅक्रो भिंग लावा, हात टेकवा आणि उजेड बाजूने, अगदी तिरपा घ्या. समोरून फ्लॅश मारलात तर खडबडीतपणा सपाट होतो. आणि हो, भंगारातल्या धारदार तुकड्यांना हातमोजे घालूनच हात लावा.