न दिसणारी गळती



बीड जिल्ह्यातल्या माणसाला गळतीचे मोल सांगायला नको. टँकरच्या पाण्यावर उन्हाळा काढलेल्यांना ठिबकणारी तोटी पाहवत नाही. पण आज मी बोलणार आहे ती गळती डोळ्यांना दिसतच नाही.

आपल्या परळीला औष्णिक वीजकेंद्र आहे. अशा केंद्रातली वीज प्रचंड ट्रान्सफॉर्मरांतून बाहेर पडते. त्यांचे अंतरंग तेलात बुडवलेले असते. आत ठिणग्या उडू लागल्या की तेलाचे विघटन होऊन ॲसिटिलीन वायू तयार होतो. नुसतेच फार तापले तर इथिलीन वाढतो. हे वायू तेलात विरघळून राहतात. वैद्य रक्त तपासून रोग ओळखतो, तसा तेलातील वायूंवरून ट्रान्सफॉर्मरचा रोग ओळखतात. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफ हे यंत्र वापरतात. जेम्स आणि मार्टिन या शास्त्रज्ञांनी १९५२ साली ही पद्धत जगापुढे मांडली.

तिचे तत्त्व सोपे आहे. एक वाहक वायू नमुन्याला लांब नळीतून पुढे नेतो. वाटेत घटक वेगळे होतात आणि प्रत्येकाचे शिखर आलेखावर उमटते. नमुना मोजून आत सोडतो तो सहा तोंडांचा फिरता व्हॉल्व्ह. त्याची चकती झिजली किंवा कचऱ्याने चरे पडले की तो गळतो. मग यंत्र बंद पडत नाही, खोटी साक्ष देते! ॲसिटिलीन कमी दिसतो आणि आजारी ट्रान्सफॉर्मर निरोगी ठरतो.

मग ही गळती ओळखायची कशी? प्रथम ठाऊक प्रमाणाचा वायू सोडून पाहावा. सगळीच शिखरे सारख्या प्रमाणात खुजी झाली, तर संशय व्हॉल्व्हवर घ्यावा. नुसता वाहक वायू सोडूनही ऑक्सिजन, नायट्रोजन दिसले, तर बाहेरची हवा आत शिरते आहे असे समजावे. आत दाब असला तरी बारीक फटीतून हवा शिरते.

दुरुस्तीपूर्वी शोधकाची तार बंद करून यंत्र थंड होऊ द्यावे. वाहक वायूवाचून तापलेली तार जळते. मग शेवटचे तोंड बंद करून दाब भरावा, पुरवठा तोडावा आणि दहापंधरा मिनिटे दाबमापक पाहावा. काटा उतरला तर गळती आहे. मार्ग मधोमध तोडून कोणता अर्धा भाग दोषी ते पाहावे. व्हॉल्व्ह दोन्ही स्थितींत तपासावा. सांध्यांवर साबणाचे पाणी लावू नये, ते आत जाऊन घाण करते. आयसोप्रोपिल अल्कोहोल व पाणी यांचे मिश्रण लावून बुडबुडे पाहावेत. हायड्रोजन असेल तर जवळ ज्योत नको.

सांधा सैल असेल तर किंचितच आवळावा. जोर केला की आतले कडे चेपते. ते चेपलेच असेल तर नवे घालावे. चकती धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी. चरे असतील तर बदलावी. अखेरीस ठाऊक वायू तीनदा सोडावा. तिन्ही वेळा आकडा जुळला, तरच तेलाच्या नमुन्याला हात लावावा.

ट्रान्सफॉर्मर बंद ठेवावा की चालू, हा लाखमोलाचा निर्णय त्या आकड्यावर होतो. म्हणून साक्ष घेण्यापूर्वी साक्षीदार तपासावा, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.