परीकथेचे तात्पर्य



परीकथा ही बालपणाबरोबर मागे टाकावयाची वस्तू आहे, असा एक समज रूढ आहे. दुसरा समज असा की, प्रत्येक गोष्टीत एक तात्पर्य असते आणि ते पाठ झाले की गोष्टीचे काम संपते. हे दोन्ही समज तपासून पाहण्याजोगे आहेत.

लाल टोपीवाल्या मुलीची युरोपीय कथा सर्वपरिचित आहे. फ्रान्समध्ये शार्ल पेरो याने ती १६९७ साली प्रसिद्ध केली, तेव्हा लांडगा मुलीला खाऊन टाकतो आणि कथा तेथेच संपते. गोडबोल्या लांडग्यांपासून मुलींनी सावध राहावे, असा पद्यबोध पेरोने शेवटी जोडला. १८१२ साली जर्मनीत ग्रिम बंधूंनी तीच कथा दिली. तीत शिकारी लांडग्याचे पोट फाडून आजी व नात या दोघींना जिवंत बाहेर काढतो. पुढे दुसरा लांडगा भेटतो, तेव्हा मुलगी वाट न सोडता आजीचे घर गाठते आणि आजीच्या युक्तीने तो लांडगा डोणीत बुडून मरतो. पेरोची कथा भय शिकवते. ग्रिमांची कथा चुकलेल्याला दुसरी संधी देते.

येथे सांगणारा बदलला, तसे तात्पर्य बदलले. ऐकणारा बदलला तरी तेच घडते. मराठी घरांतील चिऊ-काऊची गोष्ट घ्यावी. शेणाचे घर पावसात वाहून गेलेला कावळा मेणाच्या घरापुढे उभा राहतो आणि आतून चिमणी बाळाची एकेक कामे सांगत राहते. बालकाला त्या लांबत जाणाऱ्या उत्तरांची मौज वाटते. संसार मांडणाऱ्याला भक्कम घराचे मोल पटते. तान्ह्या मुलाच्या आईला चिमणीचे वागणे रास्त वाटते. मात्र ज्याला कधी परक्या दारी आसरा मागावा लागला, त्याला भिजणारा कावळाच दिसत राहतो. अशा श्रोत्याला ‘कावळा आळशी होता’ एवढेच तात्पर्य सांगणे म्हणजे त्याच्यापुढे पुन्हा एकदा दार लावून घेणे होय.

म्हणून मुलांना गोष्ट सांगून झाल्यावर वडीलधाऱ्यांनी क्षणभर थांबावे; ‘यावरून काय शिकलास?’ असे घाईने विचारू नये. प्रौढांनीही बालविभागातील एखादे पुस्तक अधूनमधून स्वतःसाठी घरी न्यावे. ओळखीच्याच गोष्टीत या खेपेस आपले मन कोणाच्या बाजूला उभे राहिले, एवढे ज्याचे त्याने पाहावे.