वाफेच्या इंजिनाची सेवा : एक दुर्लक्षित व्यवसाय
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मुलगा परीक्षा उत्तीर्ण झाला की आपली दृष्टी टेबलखुर्चीकडे वळते. जन्मभर शाळामास्तरकी केलेल्या मजसारख्याने त्याविरुद्ध बोलावे हे काहींस विचित्र वाटेल. तथापि आज मी हात काळे करणाऱ्या एका व्यवसायाविषयी बोलणार आहे. जुनी वाफेची इंजिने दुरुस्त करून ती पुन्हा रुळांवर चालविणे, हा तो व्यवसाय होय.

'फेअरी क्वीन' हे इंजिन १८५५ साली इंग्लंडातील लीड्स येथे तयार झाले. ईस्ट इंडियन रेल्वेची चाकरी करून ते १९०९ साली निवृत्त झाले आणि पुढे अठ्ठ्याऐंशी वर्षे केवळ शोभेची वस्तू होऊन राहिले. पेरांबूरच्या कारखान्यातील कारागिरांनी ते दुरुस्त केले, आणि १९९७ साली ते दिल्लीहून अलवारपर्यंत गाडी ओढू लागले.

इंजिनाचे सारे मर्म बॉयलरात. भट्टीच्या माथ्यावर पाणी सदैव असावेच लागते. ते उतरले तर तापलेला पत्रा मऊ होऊन स्फोट व्हावयाचा. म्हणून त्या माथ्यात शिसे भरलेले एक बूच बसवितात. पाणी उतरताच शिसे वितळते, वाफ भट्टीत शिरते आणि फायरमन सावध होतो. केवढी साधी युक्ती! थंड बॉयलर पेटविताना घाई चालत नाही. पत्रे सारखे तापले नाहीत तर नळ्या गळू लागतात. ब्रिटनमध्ये साधारण दर दहा वर्षांनी बॉयलर उतरवून, नळ्या काढून, आतून तपासतात. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. झिजलेला भाग मोजावा, लाकडी साचा करावा आणि नवा ओतून घ्यावा, हाच मार्ग.

वेल्समधील टॅलिलिन रेल्वे १९५१ पासून स्वयंसेवकांनी चालविली. तेथे हौशी माणसे जुन्या कारागिरांच्या हाताखाली शिकली. आपल्याकडे रुंद मार्गावरील नित्याच्या वाफेच्या गाड्या १९९५ साली संपल्या. त्या वेळी तिशीत असलेला ड्रायव्हर आज साठी गाठून सेवामुक्त झालेला आहे. बॉयलरचा आवाज ऐकून दोष ओळखण्याची त्याची विद्या पुस्तकात उतरलेली नाही.

हरियाणातील रेवाडीच्या लोकोशेडमध्ये जुनी इंजिने जतन केली आहेत. ज्यांची मुले फिटर वा वेल्डरचे काम शिकत आहेत, त्यांनी ती एकदा मुलांस अवश्य दाखवावी. आणि आपल्या ज्ञातीत कोणी जुने ड्रायव्हर, फायरमन वा बॉयलर-कारागीर असतील, तर त्यांनी आपली नावे चिटणीसांकडे द्यावीत, अशी माझी विनंती आहे.