लस, अंगठा आणि आपले दावे
(जव्हार भागातील पाड्यावर झालेल्या बैठकीतील भाषण, जुलै 2021)



आवणी सोडून एवढे लोक आलात, म्हणून लांबण लावत नाही. पंधरा दिवस पाड्यापाड्यावर फिरताना लोकांनी जे विचारलं, त्याचंच बोलते.

पहिला प्रश्न, मूल होणार नाही का? हा प्रश्न बायांनी हळूच विचारला, पुरुषांनी मोठ्याने. शहरातले लोक यावर हसतात. हसायचं कारण नाही. 1976 साली आणीबाणीत सरकारने जबरदस्तीने नसबंदी केली, ते आपल्या डोकऱ्यांना आठवतं. सरकारी सुईची भीती तिथून आली. पण ते ऑपरेशन होतं, ही लस आहे. लसीने मूल होणं बंद होत नाही. याच महिन्यात सरकारने गरोदर बायांनाही लस घ्यायला परवानगी दिली. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. म्हाताऱ्यांच्या दंडावर देवीच्या लसीचा वण आहे ना? त्यांनाच विचारा पोरं किती झाली. त्या लसीने देवीचा रोग जगातून गेला.

लस म्हणजे शरीराला त्या जंतूची आधीच ओळख करून देणं. खरा जंतू आला की शरीर तयार असतं. लस घेऊनही कोरोना होऊ शकतो, हे लपवत नाही. पण जीवावर बेतायची शक्यता खूप कमी होते. त्यासाठी दोन्ही डोस पाहिजेत. कोविशिल्डचा दुसरा 84 दिवसांनी, कोव्हॅक्सिनचा 28 दिवसांनंतर.

ताप येतो, हात दुखतो, एक-दोन दिवस. आवणीत दोन दिवस मजुरी बुडणं लहान गोष्ट नाही, म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घेऊ नका. सुईनंतर अर्धा तास तिथेच बसायचं, कारण क्वचित कुणाला मोठा त्रास होतो. पुढच्या काही आठवड्यांत दम लागला, छातीत दुखलं, पाय सुजला, डोकं दुखायचं थांबेना, तर भगताकडे वेळ घालवू नका, दवाखाना गाठा.

दारू बंद करावी लागते का, हे पण खूप जणांनी विचारलं! तसा नियम नाही. पण पिऊन लसीला येऊ नका.

आता सगळ्यात मोठी भीती. आधार दाखवलं, अंगठा दिला, तर प्लॉटचा दावा जाईल. दहा-बारा वर्षं फाईल घेऊन फिरणाऱ्या माणसाला कागदाची भीती वाटणारच. नीट ऐका. लसीचा आणि वनहक्क दाव्याचा काही संबंध नाही. 2006 च्या कायद्याप्रमाणे दाव्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत कुणालाही जमिनीवरून हटवता येत नाही. लसीसाठी ओळखपत्र बघतात आणि मोबाईल नंबर घेतात. आधारच पाहिजे असं नाही, मतदान कार्ड चालतं. एका नंबरवर चार नावं बसतात. लसीच्या नावाने कुणी कोऱ्या कागदावर अंगठा मागितला, तर देऊ नका, संघटनेला कळवा.

लस नाही घेतली तर रेशन बंद, अशी धमकी कुणी दिली तर त्याला लेखी मागा. लस ऐच्छिक आहे, हे सरकारच म्हणतं. रेशन आपला हक्क आहे. तशी लसही आपला हक्क आहे, आणि तो धमकीने नाही, समजून घ्यायचा. सरकारी केंद्रावर ती फुकट आहे.

पण केंद्र किती लांब! चालत जायचं आणि सिस्टरने सांगायचं, आज माणसं कमी आहेत, परत जा. त्याचं कारण असं की कोविशिल्डच्या एका बाटलीत दहा डोस असतात, आणि बाटली फोडली की चार तासांत संपवावी लागते. सिस्टरवर राग काढून उपयोग नाही. आपण दहा-दहाची यादी करून मागणी केली, तर टीमच पाड्यावर आली पाहिजे.

म्हणून आज गावसभेचा ठराव करू. शिबिर पाड्यावरच, आवणी आटोपल्यावर, दिवस आपण ठरवणार. दुसऱ्या डोसची तारीखही त्याच ठरावात. ज्यांना घ्यायची नाही त्यांच्यावर जबरदस्ती नाही. ज्यांना घ्यायची आहे त्यांनी आशाताईकडे नाव लिहा. अजून प्रश्न असतील तर आत्ताच विचारा, वही उघडीच ठेवली आहे.