गळती कुणाच्या नावावर?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज मी बियाण्यावर बोलणार नाही, बोंडअळीवरही नाही. तारेवर बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, आम्ही कोरडवाहूवाले, आम्हाला तारेचं काय? तर ऐका. रब्बी ज्वारी पन्नास-पंचावन्न दिवसांवर पोटरीत येते. त्या वेळी विहिरीतलं एक पाणी मिळालं तर कणीस भरतं, कडबाही साधतो. कापसाला बोंडं भरताना तेच. ही वेळ आठ-दहा दिवसांची. त्याच दिवसांत शिवारातल्या सगळ्या मोटारी चालतात आणि नेमका त्याच दिवसांत डीपी जळतो. पीक डीपीची वाट पाहत नाही.

डीपी जळतो कशानं? तारेतून जितका प्रवाह जास्त, तितकी तार तापते. प्रवाह दुप्पट झाला तर तापण्यात जाणारी वीज दुप्पट नाही, चौपट होते. हीच गळती. डीपीपासून लांब, बारीक तारेवर, जोडावर जोड देऊन मोटारी चालवल्या की शेवटच्या विहिरीवर दाब उतरतो. दाब उतरला की मोटार जादा प्रवाह ओढते. तार आणखी तापते, मोटारीचं वायंडिंग जातं, शेवटी डीपी जातो. म्हणजे गळती ही मुंबईच्या कचेरीतली गोष्ट नाही. ती आपल्या बांधावर घडते.

आता हिशेबाची बाजू. सबस्टेशनातून निघालेली वीज मोजलेली असते. घरं, गिरण्या, कारखाने यांची वीज मीटरवर मोजतात. शेतीपंपांना मात्र १९७७ पासून अश्वशक्तीवर आकारणी सुरू झाली आणि लाखो पंप बिनमीटरचे राहिले. मग उरलेल्या विजेतली किती शेतीनं वापरली आणि किती वाटेत गळाली, हे कागदावर अंदाजानं ठरतं. शेतीचा वापर फुगवून लिहिला की गळती आपोआप कमी दिसते. आपल्यातला एखादा तारेवर आकडा टाकतो, त्याची बातमी होते. कागदावर आकडा टाकणाऱ्याची होत नाही.

हे मी हवेत बोलत नाही. वीज मंडळ गळती सतरा-अठरा टक्के सांगत असे. नियामक आयोगासमोर हिशेब मांडायची वेळ आली, तेव्हा २००० सालच्या आदेशात ती तीस टक्क्यांच्या वर निघाली. २००५ साली मंडळाचे तुकडे होऊन महावितरण आली. पुढे २०२० च्या आदेशात आयोगानं शेतीपंपांची दाखवलेली विक्री कमी केली आणि गळती त्या मानानं वाढवून धरली. महाराष्ट्र वीज ग्राहक संघटना तर हे वर्षानुवर्षे सांगत आली आहे.

कुणी म्हणेल, आता बिलच नाही, मग कशाला डोकं शिणवायचं? २०२४ च्या योजनेनं साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल मार्च २०२९ पर्यंत सरकार भरणार आहे. पण बिल शून्य झालं म्हणून गळती शून्य होत नाही. आपल्या नावावर पैसे दिले जातात आणि ऐकून घ्यायचं आपणच, की शेतकरी फुकटा. शिवाय गळतीचा बोजा घराच्या आणि पिठाच्या गिरणीच्या दरात येतो. ती घरं आपलीच आहेत.

मग करायचं काय? पहिलं आपल्या हातातलं.

पाच अश्वशक्तीच्या मोटारीला स्टार्टरजवळ दोन केव्हीएआरचा कपॅसिटर बसवा. पॉवर फॅक्टर पाऊणवरून नव्वद पैशांवर आला, तर त्या मोटारीमुळे तारेत होणारी गळती तीस टक्क्यांनी उतरते. ६३ केव्हीएच्या डीपीवर अशा दहा मोटारी जेमतेम चालत असतील, तर तिथं बारा चालतील. दुसरं, ऑटोस्विच काढा. लाइट आली की सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि डीपीवर सगळा भार एका क्षणात पडतो. तिसरं, आकडे काढा. आकड्याची चोरी कंपनीची नंतर, आधी शेजाऱ्याच्या पाण्याची.

गाव ठरवतं तेव्हा हे होतं. भारनियमनाच्या काळात अक्षय प्रकाश योजनेतल्या गावांनी संध्याकाळी मोटारी बंद ठेवायचं स्वतः ठरवलं आणि त्या बदल्यात घरात उजेड मिळवला.

आता कंपनीच्या हातातलं. अकरा हजार व्होल्टची लाइन विहिरीजवळ आणून एका-दोघांत एक छोटा डीपी दिला, तर तेवढ्याच कामाला प्रवाह पंचवीस पटीनं कमी लागतो आणि त्या तारेतली गळती सहाशे पटीहून खाली येते. उच्चदाब वितरण प्रणाली ती हीच. २०१८ मध्ये ती पैसे भरून थांबलेल्या सव्वादोन लाखांच्या आसपास पंपांसाठी आणली. जुन्या लांब लाइनीवरच्या शेतकऱ्याचं काय, हे विचारायला हवं. दुसरी मागणी, प्रत्येक डीपीवर मीटर बसवा आणि त्याचा हिशेब ग्रामसभेत वाचा. मोजमापाला आपण भ्यायचं कारण नाही. अंदाजाचा फायदा आपल्याला कधी झालेला नाही. तिसरी, जळालेला डीपी ग्रामीण भागात ४८ तासांत बदलण्याचा नियम आहे. वर्गणी काढून, ट्रॅक्टर लावून डीपी नेणं हे आपलं काम नाही. तक्रार लेखी द्या, पोच घ्या, तारीख-वेळ टिपून ठेवा.

पुढच्या बैठकीला परंड्यापासून उमरग्यापर्यंत प्रत्येक गावानं एक कागद आणावा. डीपी किती केव्हीएचा, त्यावर मोटारी किती, एकूण अश्वशक्ती किती, कपॅसिटर किती, आकडे किती. गेल्या वर्षात किती वेळा जळाला आणि किती दिवसांनी बदलला. आपले आकडेही लपवू नका. आठही तालुक्यांचे कागद एकत्र झाले की कंपनीच्या दारात आपण अर्ज घेऊन नाही, हिशेब घेऊन उभे राहू.