झाडांच्या रानात ट्रॅक्टर केवढा असावा?



आज आपण ट्रॅक्टरविषयी बोलू. ट्रॅक्टर चांगला की वाईट, हा आजचा प्रश्न नाही. ट्रॅक्टर गावोगाव आला आहे. प्रश्न असा आहे, की ज्याचे रान दोन-चार एकरांचे आहे आणि त्या रानात झाडे आहेत, त्याने केवढा ट्रॅक्टर घ्यावा? आणि मुळात घ्यावाच का?

आपला धारूर तालुका बालाघाटच्या डोंगरात आहे. माती उथळ, खाली मुरूम, जागोजाग दगडगोटे. अशा जमिनीत सीताफळ छान येते. डोंगरात ते आपोआप उगवते, आणि आता लोक ओळीने लावतातही. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राने ‘धारूर ६’ नावाचे वाण निवडले. २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे या फळाच्या नावावर आपल्या जिल्ह्याची मोहोर उमटली. शिवाय कोणाच्या रानात आंबा आहे, कोणाच्या बांधावर लिंब आणि बाभळी आहेत.

बैल सांभाळणे आता जड जाते. गडी मिळत नाही. तेव्हा ट्रॅक्टरचा विचार मनात येतो, ते बरोबरच आहे. पण पुष्कळ लोक शेजाऱ्याचा ट्रॅक्टर पाहून आपला ट्रॅक्टर ठरवतात. आम्ही म्हणतो, शेजाऱ्याच्या दाराकडे पाहू नका. आपल्या झाडांकडे पाहा.

आधी रुंदी मोजा

सीताफळाची झाडे साधारण सोळा फुटांवर लावतात. सोळा फूट म्हणजे भरपूर जागा, असे वाटते. पण झाड वाढते. समजा, फांद्या दोन्ही ओळींतून पाच-पाच फूट पुढे आल्या. सोळातून दहा गेले. उरले किती? सहा फूट.

मोठा, म्हणजे पंचेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर स्वतःच सहा फुटांच्या आसपास रुंद असतो. तो या ओळीत शिरला, तर फांद्या मोडतील, साल सोलली जाईल, फुले आणि कोवळी फळे झडतील. सोललेल्या जागी कीड आणि रोग शिरतात.

म्हणून सोपा नियम ध्यानात ठेवा. दोन ओळींच्या फांद्यांमध्ये जी मोकळी जागा आहे, तिच्यातून दोन फूट वजा करा. एक फूट या बाजूला, एक फूट त्या बाजूला. जे उरेल, तेवढी ट्रॅक्टरची आणि मागच्या अवजाराची रुंदी असावी. सहातून दोन गेले, चार राहिले. लहान ट्रॅक्टर तीन ते साडेतीन फूट रुंद मिळतात. त्यांना तीन-साडेतीन फुटांचा रोटाव्हेटर जोडता येतो. नाशिक आणि सांगलीकडच्या द्राक्षबागांत असे लहान ट्रॅक्टर पुष्कळ चालतात. तिथेही कारण हेच. ओळी अरुंद आहेत.

मोजताना आजचे झाड मोजू नका. पाच वर्षांनंतरचे झाड मनात आणा. आणि ओळीच्या शेवटी वळायला दहा-बारा फूट जागा आहे का, तेही पाहा. झाडे थेट बांधापर्यंत लावली असतील, तर लहान ट्रॅक्टरही अडकतो.

मग उंची पाहा

सीताफळाच्या फांद्या खाली झुकतात. काही ट्रॅक्टरांचे धुराडे पुढे उभे असते. ते फांदीला अडते. काहींचे धुराडे खालून आडवे नेलेले असते. बागेला ते बरे.

चालवणाराचे डोके कुठे येते, हेही बघा. पुढे नजर लावून बसलेल्या माणसाच्या डोळ्यात फांदी सहज जाते. म्हणून ओळीत यंत्र घालण्याआधी खालच्या फांद्यांची छाटणी करा. काही ट्रॅक्टरांवर आसनामागे लोखंडी कमान असते. ट्रॅक्टर उलटला तर ती माणसाला वाचवते. झाडाखाली अडते म्हणून ती कापून टाकू नका. दुमडता येणारी कमान मिळते, ती मागा. ओळीतून बाहेर आले, की कमान पुन्हा उभी करा.

शक्ती म्हणजे काय?

ट्रॅक्टरची ताकद अश्वशक्तीत सांगतात. पंचाहत्तर किलोचे वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलायला जेवढी ताकद लागते, ती साधारण एक अश्वशक्ती.

बाजारात अकरा अश्वशक्तीपासून पुढे लहान ट्रॅक्टर आहेत. महिंद्रा युवराज २१५ आणि स्वराज ७१७ हे पंधरा अश्वशक्तीचे आहेत. अठरा आणि चोवीस अश्वशक्तीचेही मिळतात. आम्ही कोणाची जाहिरात करत नाही. नावे सांगितली ती ओळख पटावी म्हणून.

इथे एक गोष्ट समजून घ्या. इंजिनाची ताकद वेगळी आणि मागच्या फिरत्या दांड्याची ताकद वेगळी. त्या दांड्याला पीटीओ म्हणतात. रोटाव्हेटर आणि फवारणीचा पंप त्याच्यावर चालतो. इंजिनाची सगळी ताकद दांड्यापर्यंत पोचत नाही. वाटेत थोडी खर्च होते. म्हणून दुकानदाराला विचारा, “पीटीओची ताकद किती?” मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिच्या तपासणीचा अहवाल दाखवा, असेही म्हणा. विचारायला लाजू नका. पैसे आपले आहेत.

आता कोणत्या कामाला किती ताकद? दोन ओळींत वरवर पाळी घालणे, गवत मोडणे, फवारणी करणे, खताच्या पाट्या आणि फळांचे क्रेट वाहणे, एवढ्या कामांना पंधरा ते अठरा अश्वशक्ती पुरते. चढ फार असेल किंवा पंप मोठा असेल, तर वीस-चोवीस अश्वशक्तीचा, चारही चाकांना जोर असणारा बरा. पण कडक जमीन पल्टी नांगराने खोल नांगरायची असेल, तर लहान ट्रॅक्टरकडून ते होणार नाही. चाके जागीच फिरतील, इंजिन तापेल. ते काम वर्षा-दोन वर्षांत एकदा येते. त्यासाठी मोठा ट्रॅक्टर भाड्याने बोलवा. एका दिवसाच्या कामासाठी मोठे यंत्र दारात बांधू नका.

झाडाची मुळे आणि आपला दगड

मोठ्या ट्रॅक्टरचे वजन अठरा-वीस क्विंटल भरते. लहान ट्रॅक्टर सात-आठ क्विंटलांचा असतो. ओल्या रानात जड चाक पुन्हा पुन्हा फिरले, की माती दबते. पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही.

झाडाला अन्नपाणी पोचवणारी बारीक मुळे वरच्या थरात असतात. फांद्यांच्या सावलीखाली रोटाव्हेटर खोल घातला, तर ती तुटतात. झाड मलूल होते आणि आपण रोगाचे औषध शोधत बसतो. म्हणून ओळीच्या मधोमध तीन-चार बोटे खोल पाळी पुरे. बुडाशी खुरपेच चालवावे.

दगडगोट्यांच्या रानात रोटाव्हेटरची पाती मोडतात. तिथे फणाची पंजी बरी. म्हणून ट्रॅक्टरबरोबर कोणते अवजार घ्यायचे, हे दुकानदाराने ठरवू नये. ते आपल्या मातीने ठरवावे.

उतार आणि घाट

आपल्याकडे सपाट रान थोडे. उतारावर आडवा ट्रॅक्टर चालवला, तर तो कलंडू शकतो. चढ फार असेल, तिथे यंत्र नेऊच नये. तिथे झाडाभोवती हाताने आळे करावे.

तेलगावकडे उतरणारा आपला घाट सर्वांना ठाऊक आहे. लहान ट्रॅक्टरमागे भरलेली ट्रॉली लावून असा घाट उतरणे जिवावरचे काम आहे. ट्रॉली जड आणि ट्रॅक्टर हलका असला, की मागचे ओझे पुढच्याला ढकलते. ब्रेक पुरत नाहीत. रस्त्यावर दोन्ही ब्रेकची पायडी एकमेकींना अडकवून ठेवावी. उतारावर खालचा गिअर टाकावा. गाडी मोकळी कधीही सोडू नये. बाजाराला माल न्यायचा असेल, तर टेम्पो करा. लहान ट्रॅक्टर रानातला गडी आहे, रस्त्यावरचा नव्हे.

आता हिशेब

मंडळी, इथे नीट लक्ष द्या. पाटीवर मांडतो तसे मांडू. आकडे समजुतीसाठी धरले आहेत. तुम्ही तुमचे घाला.

समजा, ट्रॅक्टर आणि अवजारे मिळून चार लाख रुपये झाले. एक लाख हातचे भरले. तीन लाख कर्ज काढले. मुदत पाच वर्षे, व्याज शेकडा बारा. पहिल्या वर्षी मुद्दल साठ हजार आणि व्याज छत्तीस हजार. एकूण शहाण्णव हजार रुपये.

तुमची बाग तीन एकर. वर्षात चार पाळ्या, चार-पाच फवारण्या, थोडी वाहतूक. सगळे मिळून काम चाळीस तासांचे. डिझेल तासाला एकशे ऐंशी रुपयांचे धरा. चाळीस तासांचे झाले सात हजार दोनशे. म्हणजे पहिल्या वर्षीचा खर्च एक लाख तीन हजार दोनशे रुपये. दुरुस्ती वेगळी.

हेच काम भाड्याने केले तर? तासाला आठशे रुपये धरले, तरी चाळीस तासांचे होतात बत्तीस हजार.

पुढच्या वर्षांत व्याज कमी होत जाते आणि पाच वर्षांनी यंत्र आपले होते, हे खरे. पण ती पाच वर्षे काढायची कशी? पाऊस हुकला तर हप्ता थांबत नाही. आपल्या जिल्ह्यातली किती कुटुंबे दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात, ते तुम्ही जाणता. बाग लावली ती कशासाठी? घर गावात राहावे, पोरांची शाळा सुटू नये, यासाठी. आणि ट्रॅक्टरच्या हप्त्यासाठी पुन्हा कोयता हातात घ्यावा लागला, तर ट्रॅक्टर आपला की आपण ट्रॅक्टरचे?

दुसरा मार्ग पाहा. अशाच चार बागा एकत्र आल्या. काम झाले एकशे साठ तासांचे. भाड्याने त्याचे होतात एक लाख अठ्ठावीस हजार. स्वतःचा ट्रॅक्टर असला, तर हप्ता शहाण्णव हजार आणि डिझेल अठ्ठावीस हजार आठशे. एकूण एक लाख चोवीस हजार आठशे. आता तोंडमिळवणी झाली. म्हणजे तीन एकरांच्या एकट्या बागेला जे परवडत नाही, ते चौघांना परवडते. मात्र पाळी कोणाची आधी, डिझेल कोणाचे, मोडले तर खर्च कसा वाटायचा, हे आधीच कागदावर लिहावे. तोंडी बोलणे भावाभावांतही टिकत नाही.

सरकारची मदत

केंद्राचे कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ पासून आहे. ट्रॅक्टरला आणि अवजारांना त्यातून अनुदान मिळते. भाड्याने अवजारे देणाऱ्या केंद्रांनाही मिळते. आपल्या राज्यात अर्ज महाडीबीटीवर करावा लागतो. ध्यानात ठेवा, आधी पूर्वसंमती आणि मग खरेदी. आधी विकत घेऊन मागून अर्ज केला, तर पैसे मिळत नाहीत.

अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतील बचत गटांसाठी वेगळी योजना आहे. तिच्यात नऊ ते अठरा अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर आणि उपसाधने नव्वद टक्के अनुदानावर मिळतात. त्याची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला आहे. दुकानदाराच्या पावतीवर तो आकडा तपासा. अनुदानाच्या रकमा बदलतात, म्हणून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जाऊन चालू वर्षाच्या विचारा.

वहीचे एक पान

आता तुम्हाला लिहिता-वाचता येते. ही विद्या इथे कामाला लावा. वहीच्या एका पानावर सहा ओळी लिहा.

१. फांद्यांमधली मोकळी जागा किती फूट?
२. सर्वांत खालची फांदी किती उंच?
३. ओळीच्या शेवटी वळायला जागा किती?
४. रानात दगड किती, चढ किती?
५. वर्षात काम किती तासांचे?
६. वाईट वर्षी हप्ता कशातून देणार?

हे पान खिशात घालूनच दुकानात जा. सहाव्या ओळीपुढे उत्तर लिहिता आले नाही, तर त्या वर्षी ट्रॅक्टर घेऊ नका. भाड्याने काम करा, किंवा सोबती शोधा. आणि घेतलाच, तर कर्जाचा कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत स्वतः वाचा. न समजलेला शब्द विचारून घ्या. त्यानंतर सही करा. पूर्वी आपण अंगठा देत होतो, तेव्हा कागदात काय आहे ते दुसरा सांगत होता. आता आपल्याला वाचता येते. दुकानदार घाई करील. आपण करू नये. ट्रॅक्टर उद्याही मिळतो.