बफर म्हणजे बंदी नव्हे

मार्चमध्ये मोह पडायला लागला की आमच्या गटांच्या बैठकीत हप्त्याआधी वाघाचा विषय निघतो. मग कोणीतरी म्हणतं, "आपण बफरमध्ये आलो, आता जंगल बंद." हे खरं नाही, म्हणून आज या शब्दांबद्दल बोलू.

ताडोबाचंच घ्या. 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं, 1986 साली अंधारी अभयारण्य, आणि 1995 साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. मधलं सुमारे 625 चौरस किलोमीटर जंगल म्हणजे कोअर, म्हणजे गाभा. ते वाघासाठी राखलेलं आहे. आतली काही गावं उठवून बाहेर वसवली, ते दुःख वेगळंच.

गाभ्याभोवती सुमारे 1,100 चौरस किलोमीटरचा पट्टा आहे, तो बफर. इथे माणूसही राहील आणि जनावरही, असं कायदाच म्हणतो. वन्यजीव कायद्यात लिहिलंय की बफरची हद्द ग्रामसभेशी विचारविनिमय करून ठरवायची आणि तिथल्या लोकांच्या उपजीविकेचे हक्क मानायचे. शिवाय 2006 चा वनहक्क कायदा आहे. त्यात मोहफुलं, तेंदूपत्ता, मध, बांबू यांना गौण वनोपज म्हटलंय. नाव 'गौण', पण आपल्या घरातलं तेल-मीठ त्यावरच चालतं!

आता कॉरिडॉर. वाघाचं पिल्लू दोनेक वर्षांचं झालं की आईला सोडतं आणि स्वतःचा इलाका शोधतं. गाभ्यात आधीच दुसरे वाघ असतात. मग ते ब्रह्मपुरीच्या जंगलाकडे, उमरेड-कऱ्हांडल्याकडे निघतं. ही त्याची वाट म्हणजे कॉरिडॉर. त्यावर पाटी नसते. नाला, धानाचा बांध, आपली पांदण, सगळं त्यात येतं. म्हणून शिवारात वाघ दिसला की "कोणीतरी आणून सोडला" असं म्हणत बसू नका. तो चालत आलेला असतो.

राहिला शब्द नुकसानभरपाईचा. गाय किंवा बकरी मारली गेली तर 48 तासांच्या आत वनरक्षकाला कळवायचं आणि पंचनामा होईपर्यंत मढं हलवायचं नाही. दुर्गंधी नको म्हणून बायाच ते ओढून टाकायला सांगतात, आणि मग दावा अडतो. वनरक्षक भेटला नाही तर वनखात्याचा 1926 हा नंबर लावा.

मोह वेचताना वाकून बसलेलं माणूस वाघाला जनावरासारखं दिसू शकतं. एकटीने जाऊ नका, नीट उजाडू द्या, बोलत राहा. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवू नका. वणवे त्यातूनही लागतात.

पुढच्या ग्रामसभेत बफरचा नकाशा मागा. आपली मोहाची झाडं आणि गुरांचा पाणवठा त्यात कुठे येतो, ते बोट ठेवून दाखवायला सांगा.